सातवी खुर्ची

माणूस कितीही गरीब असो, त्याच्या घरात देवासाठी एक जागा राखलेली असलीच पाहिजे. ज्या घरात ती नाही ते घर नव्हे, नुसत्या चार भिंती, असं आप्पा म्हणत. आप्पांच्या घरात ही जागा म्हणजे एक रिकामी खुर्ची, आणि ती जेवणाचं टेबल आणि स्वयंपाकघराचं दार यांच्या नेमकी मधोमध होती. त्यामुळे गेली त्रेचाळीस वर्षं घरातला प्रत्येक माणूस देवाला वळसा घालून पाणी प्यायला जात होता. एखादा घाईत असला की त्याची करंगळी देवाच्या खुर्चीच्या पायावर आपटे आणि मग तोंडातून जे निघे, ते देवाच्या समोरच निघे.

खुर्ची मात्र देखणी होती. तिला हात होते, पाठीवर पानांची नक्षी होती. बाकीचं घर म्हणजे आप्पांच्या हातून नापास झालेल्या सामानाचा संग्रह. सुताराच्या घरी दुसरं काय असणार? टेबलाचा एक खण उघडत नसे, कपाट जरा वाकून उभं असे आणि सहा साध्या खुर्च्यांपैकी दोन डुगडुगत. गिऱ्हाइकाने नाकारलं की ते खालच्या वर्कशॉपमधून जिना चढून वर येई. निर्दोष अशी एकच वस्तू घरात होती. तिच्यावर कोणी बसत नसे.

आजचा रविवार या घरातला शेवटचा. आप्पांचे गुडघे आता जिना मानत नव्हते. ते थोरल्या मुलाच्या फ्लॅटवर राहायला जाणार होते, चार वाजता टेम्पो येणार होता, आणि सगळं सामान खोक्यांत बांधून झालं होतं. राहिली होती फक्त सहा माणसांची ताटं आणि खुर्ची. माणसं पाचच होती. सहावं ताट खुर्चीपुढचं.

थोरली वहिनी शेवटचे कप वर्तमानपत्रात गुंडाळत होती, आणि गुंडाळता गुंडाळता हिशेब करत होती. तिच्या स्वयंपाकघरात खुर्ची ठेवली तर फ्रिजचं दार उघडणार नाही. बाहेरच्या खोलीत ठेवली तर टीव्ही दिसणार नाही. आप्पांच्या खोलीत ठेवली तर आप्पा मावणार नाहीत. तिने तीन वेळा टेप लावून मापं घेतली होती आणि तिन्ही वेळा एकच उत्तर आलं होतं.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "आज आप्पा खुर्चीचा विषय काढणार. तुम्हीच घ्या ती."

नणंद, म्हणजे घरातली धाकटी, काकडी चिरत होती. वय सेहेचाळीस, पण घरात धाकटी ती धाकटीच.

"दादाला हवी आहे ना पण."

"तुमच्या दादाला खुर्ची हवी आहे, मला फ्रिज हवा आहे. रोज उठून कोणाशी भांडू मी? दोघांशी नाही जमणार. देवाशी तर नाहीच."

"मला नाही वाटत मला घेता येईल."

"आता काय झालं? तुमची तर लाडकी. सासूबाई सांगायच्या, दुपारी सगळे झोपले की ही तिच्यासमोर फतकल मारून बसते आणि शाळेतलं सगळं सांगते. आमच्याकडे भक्तीण म्हणून तुमचंच नाव."

"लहान होते तेव्हा."

वहिनीने कप खाली ठेवला. बावीस वर्षांच्या संसारात तिला एक विद्या अवगत झाली होती: नणंदेची सुरी थांबली की काहीतरी शिजतंय. सुरी थांबली होती.

"आप्पांना काही सांगायचं आहे का तुम्हाला?"

"नऊ वर्षं सांगायचं आहे."

"मग आज नका सांगू बाई. आज टेम्पो आहे."

*

धाकटी ज्या वॉर्डात सिस्टर होती तिथे बारा पलंग होते आणि सात खुर्च्या. हे गणित कोणी केलं होतं ते माहीत नाही. बहुधा ज्याला नातेवाईकच नव्हते अशा एखाद्या माणसाने. त्या वॉर्डातून सहसा कोणी बरं होऊन घरी जात नसे. त्यामुळे औषधांपेक्षा खुर्च्यांचीच जास्त गरज पडे.

नऊ वर्षांपूर्वी एक बाई नवऱ्याच्या उशाशी साडेतीन तास उभी होती. भिंतीला लागून एक खुर्ची रिकामी होती, पण तिच्या पाठीवर 'डॉक्टरांसाठी राखीव' अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. बाईने चिठ्ठी वाचली आणि ती उभी राहिली. नवरा गेला तेव्हाही ती उभीच होती. डॉक्टर नंतर आले, तेही उभेच राहिले. ते कधीच बसत नसत; त्यांना घाई असे. धाकटीने ते गेल्यावर चिठ्ठी नखाने खरवडून काढली, आणि त्या रविवारी आप्पांच्या टेबलाशी बसल्यावर समोरच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर तिला तीच चिठ्ठी दिसायला लागली.

तिचा देव गेला नव्हता. गेला असता तर सोपं होतं. तिच्या नवऱ्याचा कॉलेजात असतानाच गेला होता, आणि त्याचं काही बिघडलं नव्हतं, उलट वजन वाढलं होतं. धाकटी अजूनही रोज सकाळी बसच्या थांब्यावर दोन मिनिटं मनातल्या मनात बोले. फक्त ज्याच्याशी बोले तो आता खुर्चीत मावत नव्हता. आप्पांनी तिला शिकवलेला देव पाठ ताठ ठेवून बसायचा, ताटात काय टाकलं ते बघायचा, आणि ज्या घरी त्याची जागा राखलेली नसेल तिथून मुकाट्याने पुढे जायचा. तिला भेटायचा तो वॉर्डात भेटे, आणि त्याच्याकडे बसायला वेळ नसे.

हे सगळं एखाद्या रविवारी सांगून टाकता आलं असतं. पण मधे आई गेली. सहा वर्षांपूर्वी, त्याच वॉर्डात, सात नंबरच्या पलंगावर. त्या शेवटच्या दिवशी आप्पा आले नाहीत. "तू तिथे तिच्याशी बोल, मी इथे त्याच्याशी बोलतो," असं फोनवर म्हणाले आणि दिवसभर खुर्चीसमोर बसून राहिले. आईने दोनदा दाराकडे पाहिलं. तिसऱ्यांदा पाहायला ती राहिली नाही.

यावर धाकटी आप्पांना एक अक्षर बोलली नव्हती. दर रविवारी येत होती, जेवत होती, आणि आप्पा जेवणाआधी खुर्चीकडे पाहून "जागा आहे, या" म्हणत तेव्हा सगळ्यांबरोबर ओठ हलवत होती. ज्या माणसाने आपल्याला डोळे मिटायला शिकवलं, त्याच्यापुढे डोळे उघडे ठेवायचे कसे, हे तिला नऊ वर्षांत सुचलं नव्हतं. आणि आज तो माणूस एका हाती काठी आणि दुसऱ्या हाती कठडा धरून घर सोडत होता.

*

"जागा आहे," आप्पा म्हणाले. "या."

सगळे अर्धा मिनिट गप्प बसले. ही रीतच होती. तेवढ्यात तो येऊन बसतो असं आप्पांचं म्हणणं, तेवढ्यात भात निवतो असं जावयाचं. जावई भूगोल शिकवत असे आणि घरातला अधिकृत नास्तिक होता. लग्नाआधी तो पहिल्यांदा या घरी आला तेव्हा अजाणता खुर्चीकडे वळला होता, आणि चार माणसं एकदम अशी ओरडली होती की त्याला वाटलं, मागे साप आहे. तेव्हापासून तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसे.

"वाढा," आप्पा म्हणाले. मग घास हातात घेऊन, जणू मीठ मागावं तसं म्हणाले, "खुर्ची धाकटीकडे जाईल."

वहिनीने सुटकेचा श्वास सोडला, तो भाजीवर फुंकर मारल्यासारखा दिसेल याची काळजी घेत. थोरल्याचा घास मात्र हातातच राहिला.

"आप्पा, तुम्ही माझ्याकडे येताय ना? मग तुम्ही जिथे, तिथे खुर्ची. साधी गोष्ट आहे."

"साधी नाही. मी आज आहे, उद्या नाही. तिच्यासमोर 'या' म्हणणारं माणूस हवं. ती लहानपणापासून म्हणते आहे, मनापासून."

"मी काय तोंडदेखलं म्हणतो?"

"तू मोठ्याने म्हणतोस."

"अहो, असू दे ना," वहिनी नवऱ्याला म्हणाली. "आप्पांनी ठरवलंय. वन्संकडे हॉल मोठा आहे."

"तू गप्प बस. तुला फ्रिजची पडली आहे."

"मग? तुम्ही थंड पाणी पीत नाही का?"

"दादा," धाकटी म्हणाली. तिने ताट जरा बाजूला सारलं होतं. "आप्पा, खुर्ची मी घेते. आनंदाने घेते. पण मी ती रिकामी नाही ठेवणार."

भिंतीवरचं घड्याळ खोक्यात गेलं होतं, नाहीतर ते ऐकू आलं असतं.

"रिकामी नाही म्हणजे?" थोरला म्हणाला. "झाड ठेवणार आहेस का तिच्यावर?"

"माणसं बसतील."

"कोण माणसं?"

"जे उभं असेल ते. शेजारची आजी येते, तिला आमचा सोफा खोल पडतो. माझ्या पेशंटांचे नातेवाईक येतात कधीकधी, नंतर, नुसते बोलायला. आप्पा, तुम्ही शिकवलंत की तो आला आणि जागा नसली तर परत जातो. मी खूप वर्षं तेच धरून चालले. पण मला आता तसं वाटत नाही. मला वाटतं तो… तो कोणालातरी घेऊन येतो. दमलेल्या कोणालातरी. आणि त्याला बसवायला जागा बघतो. स्वतःसाठी नाही बघत."

"म्हणजे नक्की काय?" वहिनी म्हणाली.

"म्हणजे हिचा विश्वास उडाला," थोरल्याने निकाल दिला. "सरळ बोल ना. भक्तीण! तासन्‌तास बसायचीस तिच्यापुढे, आईने हाक मारली तरी उठायची नाहीस. आणि आता शेजारची आजी!"

"उडाला नाही, दादा."

"मग?"

"मोठी झाले."

"आप्पांपेक्षा?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते बापाच्या टेबलाशी बसून देता येण्यासारखं नव्हतं. धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. तेवीस वर्षं ज्याने देव नाही असं तिला नकाशासकट समजावलं होतं, तो निदान आता तरी बाजू घेईल अशी तिची माफक अपेक्षा होती.

"अगं, तत्त्वतः तुझं बरोबरच आहे," जावई घसा खाकरून म्हणाला. "पण इतकी वर्षं कोणी बसलं नाही, तर आता… म्हणजे माझा विश्वास नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण विषाची परीक्षा कशाला?"

"आणि माझंही ऐका," वहिनी म्हणाली. सकाळपासूनची तिची युती इथे मोडली. "तुम्ही घेऊन जा म्हटलं मी, बसा नाही म्हटलं. मी एकदा इस्त्रीचे कपडे ठेवले होते तिच्यावर, पाहुणे आले म्हणून, फक्त पाच मिनिटं. तर त्या महिन्यात दोनदा फ्यूज गेला. त्यापेक्षा आम्हीच नेतो. फ्रिज बाल्कनीत ठेवीन."

थोरल्याने त्या दिवशी प्रथमच बायकोकडे प्रेमाने पाहिलं.

आप्पा जेवत होते. त्यांनी ताटातला शेवटचा कण बोटाने टिपून घेतला, जसा ते नेहमी घेत, कारण कोणीतरी बघत असे. मग ते उठले, आणि काठीकडे हात नेता नेता म्हणाले, "जेवण झालं की खाली ये. खुर्ची घेऊन ये."

"मी आणतो," थोरला म्हणाला.

"तुला नाही सांगितलं."

*

वर्कशॉप जवळजवळ रिकामं होतं. रंधे आणि पटाश्या पेटीत गेल्या होत्या. कोपऱ्यात भुशाचा एक ढीग राहिला होता. तो कोण नेणार? आप्पा मोठ्या बाकाशी उभे होते. या बाकाशी ते साठ वर्षं उभे राहिले होते, आणि आत्ता तो त्यांच्यासाठी उंच झाला होता, का ते ठेंगणे झाले होते, कोण जाणे.

जिन्यावर मुलीची पावलं वाजली. सावकाश, ओझं घेऊन उतरणारी. आप्पांना एक क्षण वाटलं की वर हाक मारावी, राहू दे, ने तशीच, हवं ते कर. हा सोपा मार्ग होता. आप्पांनी आयुष्यात सोपे मार्ग बरेच घेतले होते. एकावर तर नक्षीसुद्धा होती.

"ठेव बाकावर. उलटी कर."

"उलटी?"

"पाय वर."

धाकटीचा हात अडखळला. बसायची भाषा वर मोठ्या तोंडाने केली होती, पण उलटी करणं म्हणजे फारच झालं. तरी तिने केली. आप्पांनी चष्मा पुसला आणि मागच्या डाव्या पायावरून अंगठा फिरवला, वरून खाली, आणि बैठकीच्या सांध्यापाशी थांबवला.

"इथे बोट लाव."

तिने लावलं. लाकडात एक चीर होती, केसाएवढी, पण बोटभर लांब. तिच्यावरून पायाभोवती बारीक तार आवळलेली होती आणि वर पॉलिश मारलेलं होतं. सांध्यातली खुंटी तुटलेली होती. तिने पाय जरासा ओढला. तो तिच्या बाजूला सहज आला, एखाद्या म्हाताऱ्याच्या दातासारखा.

"हे कधी झालं?"

"पहिल्यापासून आहे. एका वकिलाने सात खुर्च्या सांगितल्या होत्या. सातवीचा पाय मी घाईत चुकीच्या लाकडाचा घेतला. ओलं होतं. वाळताना तडकलं. त्याला दुसरी करून दिली, ही वर नेली. दुरुस्त करू म्हटलं पुढच्या आठवड्यात."

धाकटीने पाय पुन्हा हलवून पाहिला.

"तुझा दादा सात वर्षांचा होता, तू तीनची. दिसेल त्यावर चढायचात. मोडकी आहे म्हटलं असतं तर किती मोडकी ते बघायला दोघं चढला असतात. म्हणून म्हटलं, देवाची आहे. एकदाच म्हटलं. तुम्ही दोघं अशी मागे सरलात! मला हसूच आलं. तुझ्या आईलाही आलं."

"आईला माहीत होतं?"

"तीच म्हणाली, युक्ती बरी आहे."

आप्पा स्टुलावर टेकले. वर पावलांचा आवाज होत होता; सगळे जिन्याच्या तोंडाशी जमले असणार, हे दोघांनाही कळत होतं आणि दोघंही ते बोलले नाहीत.

"मग पुढचा आठवडा आला आणि गेला," आप्पा म्हणाले. "एके दुपारी मी वर आलो पाणी प्यायला. तू तिच्यासमोर बसली होतीस. पाच-सहा वर्षांची असशील. सांगत होतीस की बाकावरच्या मुलीने तुझी पेन्सिल घेतली, पण तिला रागवू नको, तिच्याकडे नाहीये. मी दाराआड उभा राहिलो. मग रोज त्या वेळेला पाणी प्यायला यायला लागलो. मला तोवर प्रार्थना वगैरे येत नव्हती गं. माझ्या वडिलांचा देव म्हणजे नुसता मार. तू बोलायचीस ते ऐकून मला आलं. मग मीच तुम्हाला शिकवायला लागलो, पाठ ताठ ठेवा, ताटात टाकू नका… बापाने काहीतरी शिकवायला हवं ना. अशा वेळी कुठल्या तोंडाने खुर्ची उलटी करून पाय काढायचा?"

धाकटीला हसू येत होतं आणि ते नीट हसू म्हणून येत नव्हतं. तिने चिरेवरचं बोट काढलं नाही.

"आणि आई?" ती म्हणाली. "त्या दिवशी? खुर्ची मोडकी आहे हे तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही तिच्यासमोर बसून राहिलात. आई दाराकडे बघत होती, आप्पा."

हे सहा वर्षांनी बाहेर आलं, आणि इतक्या साध्या आवाजात आलं की आप्पांना पटकन कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"भीती वाटली मला," ते म्हणाले. "तिथे येऊन काय करायचं ते मला माहीत नव्हतं. इथे माहीत होतं. इथे नुसतं बसायचं असतं." मग चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "तिच्या उशाशी खुर्ची होती का?"

"होती. मी बसले होते."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"बरं केलंस." आप्पांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. "मी यायला हवं होतं. तू वर म्हणालीस ना, मोठी झाले म्हणून. थोरल्याने विचारलं, आप्पांपेक्षा का. तेव्हा मी मनात म्हटलं, त्या दिवशीच झाली."

तिने बाकाला वळसा घातला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सिस्टरचा हात होता. कुठे किती दाबायचं ते त्याला ठाऊक होतं. आप्पांनी तो थोपटला, मग बाजूला केला, कारण त्यांना उठायचं होतं.

"तो गोंदाचा डबा बांधला का? नाही ना? आण. आणि सांधा आवळायचा शिकंजा. हे माणसांना बसायला द्यायचं असेल तर असं नाही देता येणार. माझं नाव आहे."

पण आप्पांना तार सुटेना. धाकटीने प्रयत्न केला, तिलाही सुटेना, आणि ती जी ओढाताण करत होती ती बघवेना म्हणून जिन्यावरून एक आवाज आला, "अगं तशी नाही! उलटी पिरगळ!" आणि थोरला खाली उतरला. त्याने एका शब्दाचाही खुलासा न करता बहिणीला बाजूला केलं, पक्कड मागितली आणि दोन पिळांत तार काढली.

आप्पांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तुला कसं माहीत कुठल्या बाजूने पिळली आहे?"

थोरला पक्कडीकडे बघत राहिला. "वीस वर्षांपूर्वी वरची फरशी बदलली तेव्हा मीच हलवली होती ना. तेव्हाच हाताला लागलं."

"मग बोलला नाहीस?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत नसेल."

"मी केली आहे ती!"

"तेच तर. तुमच्या हातून ओलं लाकूड लागलं हे कळलं तर तुम्हाला वाईट वाटेल म्हटलं. शिवाय तुम्ही दर रविवारी इतक्या मनापासून 'या' म्हणायचात. त्यात मी मधेच कुठे पाय काढू?"

"आणि म्हणून तुला ती स्वतःकडे हवी होती?" धाकटी म्हणाली.

"मग काय! तुझ्याकडे गेली असती तर तुझा नवरा कधी ना कधी बसला असता. नव्वद किलो!"

"अठ्ठ्याऐंशी," जिन्यावरून जावई म्हणाला.

"दादा, म्हणजे तुला वीस वर्षं ठाऊक होतं, आणि तरी तू मोठ्याने 'या' म्हणायचास?"

थोरल्याला हा प्रश्न जरा अवघड गेला. तो चिरेत गोंद भरत होता, काडीने, अगदी तळापर्यंत; हे काम त्याला आप्पांनी शिकवलं होतं, आणि आता आप्पांपेक्षा तो ते बरं करत होता. आप्पांच्या ते लक्षात येत होतं. "मी पायाला म्हणत नव्हतो," तो शेवटी म्हणाला. "मोडकी तर मोडकी. येणाऱ्याला काय."

आता सगळेच खाली आले होते. वहिनीने कंबरेवर हात ठेवून उलट्या खुर्चीची पाहणी केली.

"म्हणजे मी बावीस वर्षं उगाच वळसा घालत होते?"

"हो गं," आप्पा म्हणाले.

"आणि समजा बसले असते तर?"

"पडली असतीस."

वहिनीने क्षणभर विचार केला. "म्हणजे देवानेच वाचवलं," ती म्हणाली, आणि यावर नास्तिक जावयानेसुद्धा मान डोलावली.

नवी खुंटी ठोकली, सांधा बसवला, वरून शिकंजा आवळला. शेवटचा फेरा आप्पांनी स्वतः दिला. थोरल्याने हळूच त्यांच्या मुठीखाली स्वतःची मूठ ठेवली होती, ते कोणी पाहिलं नाही असं सगळ्यांनी ठरवलं. फडक्याने बाहेर आलेला गोंद पुसता पुसता आप्पा मुलीला म्हणाले, "हे बघ. मला या वयात नवीन शिकवू नकोस. मी रविवारी 'या' म्हणणारच. तुझ्या दादाकडे साध्या खुर्चीला म्हणेन."

"म्हणा ना. मी कुठे नाही म्हणते?"

"आणि तुझ्याकडे हिच्यावर कोणीही बसणार."

"कोणीही. पण पहिले तुम्ही बसायचं. पुढच्या रविवारी जेवायला या."

"मी?" आप्पांनी खुर्चीकडे पाहिलं. त्रेचाळीस वर्षांपूर्वी केलेली खुर्ची. तिची उंची बरोबर आहे का, पाठ टोचते का, हे तिच्या सुताराला अजून माहीत नव्हतं. "माझ्यासाठी जागा असेल का तिथे?" ते म्हणाले, गमतीने, पण पूर्ण गमतीने नाही.

धाकटीने त्यांच्या शर्टावरचा भुसा झटकला. लहानपणी शिकवलं होतं तशी तिची पाठ आपोआप ताठ झाली. डोळे मात्र उघडे होते.

"जागा आहे," ती म्हणाली. "या."

बाहेर रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. चार वाजले होते. सगळे खोक्यांकडे धावले, आणि जावयाने, मागे राहिलेल्या कामाला आपणही हात लावावा म्हणून, झाकण लावता लावता गोंदाच्या डब्यावरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली: सांधा जोडल्यावर चोवीस तास खुर्ची हलवू नये व तिच्यावर बसू नये. तेव्हा टेबल गेलं, कपाट गेलं, आप्पा पुढे ड्रायव्हरशेजारी बसून गेले, आणि खुर्ची तेवढी मागे रिकामी राहिली. टेम्पो सोमवारी पुन्हा बोलवावा लागला.